तेवीस गोळ्या

शाम शुई पो, हाँगकाँग
१४ नोव्हेंबर १९९१

प्रिय सियु-मान,

आशीर्वाद. आईचे गुडघे थंडीत दुखतात, तिला शेकायला सांग. माझं बरं आहे. तुझ्या बाबांवरच्या सिनेमाचं काम मात्र सुटलं. निवृत्त पोलीस म्हणून मला तिथे बंदुकांवर देखरेखीला ठेवलं होतं. दिग्दर्शक क्वोक तुला सांगतील, पून म्हातारा चक्रम आहे. सांगू देत.

मंगळवारी सोनाराच्या दुकानावरच्या दरोड्याचं चित्रीकरण होतं. कॅमेरा थांबला की मी बाबांचं काम करणाऱ्या नटाच्या रिव्हॉल्वरमध्ये खोटी काडतुसं भरून द्यायचो. पडद्यावर तो एका दमात तेवीस बार काढणार होता.

"साहेब, यात सहाच मावतात," मी म्हटलं.

"पूनकाका, थिएटरात बसून कोण मोजतंय?"

"मी."

"त्याला गोळ्या भरताना दाखवलं तर लोक जांभया देतील. हिरो आहे तो."

मी काडतुसांच्या पेटीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. बंदुकांचा परवाना माझ्या नावावर, त्यामुळे काम अडलं आणि चाळीस माणसं डबे उघडून भात खात बसली. संध्याकाळी दुसरा माणूस आणला आणि मला घरी पाठवलं.

एवढं मनाला का लागलं, हे लिहायला हात धजत नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी, त्या खऱ्या दरोड्यात, बाबांच्या सहा गोळ्या संपल्या होत्या. कमरेच्या पाकिटातून दुसऱ्या काढून भरताना ते मला ओरडले, "कियुंग, सांभाळ!" ते दहा-बारा सेकंद सोबत्याने गोळ्या झाडून सांभाळायचे असतात. मी व्हॅनमागे होतो. माझ्याकडे सहाच्या सहा होत्या. मी एकही झाडली नाही. हात उचललाच गेला नाही.

दरोडेखोरांची गाडी निघून गेल्यावर मी सहाही झाडल्या, एका बंद शटरवर. अहवालात लिहिलं, दोघांच्याही गोळ्या संपल्या. त्यावर मला पदक मिळालं.

तेवीस गोळ्यांच्या माणसाला सोबत्याची गरजच उरत नाही. क्वोकनी मला कायमचं सोडवलं असतं. मला तसं सुटायचं नाही.

काल ठाण्यात जाऊन खरा जबाब लिहून दिला. तिथला तरुण इन्स्पेक्टर म्हणाला, "अकरा वर्षं झाली, काका. आता कशाला उकरून काढता?"

"शिक्का मार," मी म्हटलं. त्याने मारला. पदक त्याच्या टेबलावर ठेवून आलो.

क्वोक तुझ्याकडे संमतीची सही मागायला येतील. करायची की नाही, ते तू ठरव. पण तुझे बाबा गोळ्या भरताना गेले. पळताना नाही. मान खाली, बोटं कामात. यात जांभई देण्यासारखं काय आहे, ते त्यांना विचार.

माफी मागत नाही. ती मागून मलाच हलकं वाटेल. आईला हे वाचून दाखव, नाहीतर मला बोलाव, समोर बसून सांगेन.

'तुझा काका' असं आता लिहीत नाही.

पून ची-कियुंग,
ज्याच्या भरवशावर त्यांनी मान खाली घातली होती