निशाण्याजवळचा टेप

अल क्वोज, दुबई
२२ ऑक्टोबर १९९९, शुक्रवार

प्रिय हारुन,

अस्सलामु अलैकुम.

मी इथे ठीक आहे. तू, अम्मी, रुकय्या आणि यम्ना ठीक असाल अशी उमेद आहे. अम्मीच्या गोळ्या आणि गुडघ्यांचं तेल तुझ्या बॅगेत खाली ठेवलं होतं, मिळालं असेल. खोलीत तुझा पलंग तसाच आहे. चादर मी धुऊन घातली.

तू रजेवर गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो. म्हणून पत्र.

अरबाबचं धनुष्य झालं. तू विचारशील म्हणून आधी तेच लिहितो.

जूनमध्ये आपला हा मालक अमेरिकेतून आणलेलं ते चाकांचं धनुष्य घेऊन वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा तू तिथेच होतास. मला म्हणाला, "खैरुद्दीन, तुम जनरेटर को चुप कराता है. इसको भी चुप कराओ." आफ्रिकेत म्हणे हरणाने दोरीचा आवाज ऐकला, बाण पोचायच्या आत ते खाली दबलं आणि बाण पाठीवरून निघून गेला. तू म्हणालास, "हिरन भी होशियार है, अरबाब." तो हसला नाही.

आवाज एका जागचा नसतो. मी आधी सगळे स्क्रू तपासले. नेम धरायच्या पट्टीचे दोन ढिले होते. केबल ज्या दांडीवरून सरकते ती कोरडी होती, तिला सिलिकॉन लावलं. दोरीला मेण चोळलं. मग पातळ रबराच्या पट्ट्या कापून त्यांचे झुपके दोरीत बांधले. एक वरच्या चाकापासून पाव अंतरावर, एक खालच्या चाकापासून पाव अंतरावर. झुपका मोठा झाला की बाण मंदावतो, म्हणून कात्रीने थोडा थोडा छाटत गेलो. शेवटी बाण बदलले. हलका बाण सुटून जातो आणि उरलेला जोर धनुष्यातच थरथरत राहतो. जड बाण तो जोर आपल्याबरोबर नेतो.

एका वेळी एकच बदल करायचा, तीन बाण मारायचे आणि ऐकायचं. पण सोडणाऱ्याच्या कानाला येतो तो आवाज वेगळा आणि समोर उभ्या असलेल्या जनावराच्या कानाला येतो तो वेगळा. म्हणून मी माझा टेपरेकॉर्डर निशाण्याच्या बाजूला, वाळूच्या पोत्यामागे ठेवायला लावला. दर शुक्रवारी, असरची नमाज झाल्यावर, अरबाबच्या शेतावर. बटण दाबून यायचं काम तुझं होतं. अरबाब तीन बाण मारायचा, धनुष्य माझ्या हातात द्यायचा, आणि तुम्ही दोघे बाण उपटायला जायचात. मी मागे बसून पुढचं रबर बांधायचो.

तू गेल्यावर सहा तारखेला मी सगळ्या कॅसेटी ओळीने ऐकायला बसलो. पहिल्या आणि शेवटच्या आवाजात किती फरक पडला ते मला अरबाबला दाखवायचं होतं.

सतरा सप्टेंबरची कॅसेट. तीन बाण. गवताच्या गठ्ठ्यात तीन थापा. मग पावलं; टेप तू अजून बंद केला नव्हतास. मग अरबाबचा आवाज, अगदी जवळून.

"हारुन, खैरुद्दीन का फॅमिली कब आएगा? तीन साल से मैं बोलता है, लेटर बनाओ, मैं साइन करेगा."

"अरबाब, वो खुद नहीं माँगता. उसका औरत भी मना करता है. अकेला आदमी है, काम अच्छा करता है."

"अजीब आदमी."

"खलास, छोड़ो अरबाब. ये वाला बहुत अंदर गया."

हे मी अकरा वेळा ऐकलं. पहिल्या वेळी वाटलं, दुसऱ्या कोणाबद्दल चाललं आहे.

तीन वर्षं तू मला सांगत होतास की अरबाब फॅमिली व्हिसाचं पत्र देत नाही. कंपनीचे सगळे कागद तुझ्या हातात. तू सांगायचास ते मी मानायचो. "सबर कर, इन्शाल्ला पुढच्या वर्षी." गेल्या ईदला तर तू म्हणालास, माझ्यापायी तू त्याच्याशी भांडलास. मी त्या दिवशी तुझे हात धरले आणि म्हटलं, असं करू नकोस, तुझी नोकरी जाईल.

कारण फार शोधावं लागलं नाही. शहाण्णवच्या मे महिन्यात अम्मी पडली. हलिमाभाभी तुझ्या मुलांच्या शाळेसाठी मुंब्र्यात राहते. रुकय्या माझ्याकडे यायला निघाली तर अम्मीला दोन वेळा उठवून बसवणार कोण, हा तुझा प्रश्न. प्रश्न खरा आहे. माझी सासू आहे ती. तिने मला कधी वेगळं ताट वाढलं नाही.

हे तू मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी काय म्हणालो असतो? बहुतेक म्हणालो असतो, राहू दे रुकय्याला तिथे. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो.

माझी यम्ना सात वर्षांची झाली. ती डाव्या हाताने लिहिते हे मला तुझ्याकडून कळलं.

अकरा तारखेला मी अरबाबच्या ऑफिसात गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा, रबर सोडून दुसऱ्या कामासाठी. ही चूक माझी. चार महिने दर शुक्रवारी तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा असायचा. मी त्याला चाकांबद्दल विचारलं, बाणांच्या वजनाबद्दल विचारलं. हे एक विचारलं नाही, कारण माझ्या वतीने विचारायला तू होतास.

तो म्हणाला, "तुम तो मना किया था?"

मी म्हटलं, "अभी तैयार हूँ, अरबाब."

त्याने टायपिस्टला बोलावलं. चहा यायच्या आत सही झाली. तुझं नाव मी घेतलं नाही. कॅसेट माझ्या खिशात होती, ती खिशातच राहिली. निघताना त्याने आणखी एक विचारलं, ते शेवटी लिहितो.

बुधवारी तू रत्नागिरीला गेला होतास, तेव्हा मी शेजारी फोन लावून रुकय्याला बोलावून घेतलं. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारायला जीभ वळत नव्हती. तू टेपवर म्हणालास, उसका औरत भी मना करता है. मी दोन आठवडे हे एक वाक्य घेऊन झोपलो आहे.

ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मी भायला म्हणाले होते, अम्मी उठेपर्यंत थांबू. दोन महिने, चार महिने. नंतर दर वेळी मीच विचारायची. भाय म्हणायचा, अरबाब कागद देत नाही."

मी म्हटलं, "तो देत होता."

ती म्हणाली, "कधीपासून?"

मी सांगितलं. कार्डाची मिनिटं संपत आली होती. शेवटी तिने विचारलं, "मग अम्मीला कोण बघणार?" आणि लाइन गेली.

ती तुझ्याशी बोलत नसेल तर कारण हे आहे. अम्मीला काही कळू देऊ नका.

आता राहिलेलं. सही करून झाल्यावर अरबाबने विचारलं होतं, "हारुन कब वापस आता है?"

मी म्हटलं, "वो नहीं आएगा, अरबाब. माँ का खिदमत करना माँगता है. आपको बोलने को शरमाता है."

रुकय्याचा प्रश्न मला बुधवारी कळला. उत्तर मी नऊ दिवस आधीच देऊन बसलो होतो. जाताना मी एवढंच ठरवलं होतं की तुझं नाव घ्यायचं नाही. पण त्याने विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं. आवाजही हलला नाही. तुझ्या वतीने बोलणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

अरबाबने पेन खाली ठेवलं. "माशाल्ला," म्हणाला, "ऐसा बेटा सबको मिले." तुझ्या जागी एक मलबारी माणूस सोमवारपासून येतो आहे. त्याला तुझ्या कपाटाची चावी दिली.

अरबाबचा नंबर तुझ्याकडे आहे. फोन कर आणि सांग, खैरुद्दीन खोटं बोलला. तो विचारेल, खैरुद्दीन ऐसा क्यों करेगा? त्याला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेव.

रुकय्या आणि यम्ना चौदा नोव्हेंबरला निघतील. तोवर अम्मीला उठवायचं कसं ते रुकय्याकडून शिकून घे. कमरेखाली हात घातला तर ओरडते. काखेत धरून, आधी बसवून, श्वास लागायचा थांबला की मगच उभं करायचं.

खुदा हाफिज.

तुझ्या बहिणीचा नवरा,
खैरुद्दीन