गिरधरचे डबे

धुळे, ११ एप्रिल १९९४

प्रिय गिरधर,

अनेक आशीर्वाद. हे पत्र पोस्टात टाकत नाही, चाळीसगावच्या भिकनच्या हातात देतो आहे. तो सुटी संपवून परवा मस्कतला निघतो. तेव्हा या वेळी पत्र मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही. त्याच्या पिशवीत तुझ्या वहिनीने ज्वारीची बिबडी आणि भाकरीसाठी कळण्याचं पीठ बांधून दिलं आहे. असले पातळ पापड मस्कतला पोचेपर्यंत त्यांचा चुरा होणार हे मी सांगून पाहिलं. चुराही खाता येतो, असं म्हणून तिने आणखी चार कोंबली. भिकन सुकलेल्या तोंडाने बघत होता, पण तुझ्या वहिनीपुढे बोलण्याची कोणाची टाप आहे?

माय दिवाळीपासून माझ्याकडे आहे. धरणगावचं घर बंद केलं. ती यायला तयार नव्हती हे तुला सांगायला नको. इथे करमत नाही, धुळ्याचं पाणी जड, तुमच्या गल्लीत कोणी कोणाशी बोलत नाही, सगळं म्हणून झालं. शेवटी खोकल्याने रात्ररात्र बसून राहायला लागली तेव्हा मी मॅटॅडोर घेऊनच गेलो. आधी तुझे ते स्पीकरचे दोन डबे गाडीत चढले, मग ती. डब्यांना दोन चांगल्या गोधड्या गुंडाळलेल्या होत्या आणि तिचे कपडे एका जुन्या चादरीत बांधलेले. पारोळ्यापर्यंत एक हात डब्यावर ठेवून बसली होती. पुढे झोप लागली तरी हात तिथेच होता.

तू ते डबे मस्कतहून आणलेस तो दिवस तुला आठवतो का? बोरीबंदरपासून चाळीसगावपर्यंत तू स्वतः एका स्पीकरवर बसलास आणि मला, थोरल्या भावाला, दुसऱ्यावर टेकू दिलं नाहीस. परदेशी माल आहे, भाऊ, म्हणालास. संध्याकाळी अंगणात वाजवले तेव्हा आख्खी गल्ली जमली. पुना नाना तर डोळे मिटून मान हलवत होते. तोवर नुसत्या टाळ-झांजा ऐकणारे आम्ही, मला पहिल्यांदा कळलं की तबल्याच्या डग्याला पोटातून आवाज असतो. तू जाळी काढून मायला दाखवलंस, मधला कागदाचा कोन कसा आतबाहेर होतो ते. ती कितीतरी वेळ बघत राहिली. निघताना तू सहज बोलून गेलास, जपून ठेव माय, मी आलो की वाजवू.

तू सहज बोललास, पण तिने ते गाठीशी बांधलं. बारा वर्षांत त्या डब्यांना तार लागली नाही. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या, वरून गोधडी, गोधडीवर तिने स्वतः भरलेला रुमाल, आणि दसऱ्याला आबांच्या विळ्या-कोयत्याशेजारी तुझ्या डब्यांनाही हळदकुंकू. गल्लीतला मगन पोरीच्या लग्नासाठी ते मागायला आला होता. माझ्यासमोर त्याला म्हणाली, "गिरधरनी वस्तू शे. तो ई, मंग वाजी." तू येईपर्यंत नाही म्हणजे नाही. मगन अजून माझ्याशी तोंड वाकडं करून बोलतो. मी रेडिओ-दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, मलाही तिने कधी जाळी उघडू दिली नाही. एकदा तरी पाहू दे म्हटलं तर म्हणाली, तुझ्या दुकानात दुसऱ्यांचं काही कमी पडलं आहे का उघडायला?

आणि या माघात ती आपणहून म्हणाली, "कौतिक, ते डबा उघाड."

मी ते दुपारी दुकानात नेले आणि जाळी काढली. गिरधर, कोनाभोवती फोमची कड असते बघ, कोनाला लोखंडी चौकटीशी धरून ठेवणारी, मऊ, ज्याच्यामुळे तो हलतो. तिला मी नुसतं बोट लावलं. बोटाला काळा चिकट गाळ आला आणि कडेचा एक तुकडा आत पडला. दुसऱ्या डब्यात तर कड उरलीच नव्हती. कोन मधोमध नुसता लोंबत होता. बाकी सगळं कोरं करकरीत, लाकडाला ओरखडा नाही. माय शेजारी स्टुलावर बसली होती. उंदीर का, म्हणून विचारलं. मी हो म्हणणार होतो, जिभेवर आलं होतं. पण तिच्याशी खोटं बोललेलं मला कधी पचलेलं नाही. मी सांगितलं, हा फोम आपोआप सडतो, वाजवा नाहीतर ठेवून द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्याने तर लवकर सडतो. डांबराच्या गोळ्यांनीही तो विरला असेल, ते मी बोललो नाही, मला खात्रीही नाही. ती म्हणाली, कोणी हात लावला नाही तरी? मी म्हटलं, हात लावला नाही तरी. मग ती बराच वेळ तो काळा गाळ बोटांत चोळत बसली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका ओळखीच्या दुकानात विचारलं. ते हसले. एवढी खटपट कशाला, सांगाडा ठेवा आणि आत नवा देशी स्पीकर बसवा, म्हणाले. मायला हे सांगितलं तर तिने जेवण सोडलं. तिला तोच पाहिजे, गिरधरने आणलेला. मग मी आधी मलमलीची कड करून पाहिली, तिला रबराचं सोल्युशन चोपडून. ती वाळल्यावर एवढी ताठ झाली की कोन हलेना, आवाज नाकातून आल्यासारखा. ती काढली. शेवटी मुंबईहून फोमच्या कडा मागवल्या, त्या अर्ध्या इंचाने लहान निघाल्या. कापून, जोड देऊन, त्या मापाच्या केल्या. जुना गाळ थिनरने पुसून काढता काढता डोकं भणभणलं. तुझी वहिनी म्हणते, लग्नात माझ्याकडे एवढ्या बारकाईने पाहिलं नाही तुम्ही.

या कामात खरी मेख मधल्या कॉइलची. कॉइल चुंबकाच्या फटीत बरोबर मध्यावर राहिली पाहिजे. केसभर सरकली तरी घासते, आणि घासणारा स्पीकर म्हणजे घरात दळण. म्हणून मधली टोपी ब्लेडने उघडायची, कॉइलच्या आत चारी बाजूंनी पातळ पट्ट्या खोचायच्या, आणि मग कड चिकटवायची. गोंद वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या. पट्टीला कागद चालत नाही, तो दबतो. एक्स-रेची फिल्म लागते. आम्ही सगळे तीच वापरतो. दवाखान्यातून जुन्या फिल्मा आणतो. माझ्याकडच्या संपल्या होत्या. मायला म्हटलं, सिव्हिलला चक्कर मारून येतो. ती म्हणाली, ऊन आहे, कशाला जातोस, आणि आपल्या ट्रंकेतून खाकी पाकीट काढून दिलं. मला वाटलं आबांच्या पायाचा फोटो असेल, तो तिने जपून ठेवलेला मला माहीत होता. मी कात्री लावली. चार पट्ट्या झाल्यावर एक उजेडात धरली, तर त्यात बरगड्या होत्या.

तो तिच्या छातीचा फोटो होता, गिरधर. संक्रांतीच्या आधी काढलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन त्याच्यावर बोटाने एक डाग दाखवला होता, बोराएवढा. पुढच्या वेळी येताना हाच फोटो आणा, वाढला किती ते बघू, मग नाशिकला पाठवू, म्हणाले होते. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने कोणाला विचारलंही नव्हतं. मी कात्री खाली ठेवली. ती म्हणाली, "काप ना भाऊ, आते ते काय कामनं शे?" तेव्हा मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे, आणि पुढची वेळ तिने कापून टाकली आहे. मी दुसरा फोटो काढायला नेतो म्हटलं, भांडलो, वहिनीने पाया पडून पाहिलं. पण ती हलली नाही. तिचं एकच पालुपद, डबे आधी कर.

डबे झाले. पट्ट्या ओढून काढल्या, दोन्ही अंगठ्यांनी कोन दाबून पाहिला, कुठे घासत नव्हता. माझ्या हातून असं सुबक काम क्वचितच झालं असेल, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

आता ती रोज दुपारी तुझी कॅसेट लावायला सांगते. पंचाऐंशी साली तू आवाज भरून पाठवलेली, ती एकच तर आहे. तिला आता ऐकू फार कमी येतं. टेपच्या लहान स्पीकरमधून काहीच कळत नाही, म्हणून तर तिला तुझे मोठे डबे हवे होते. ती जाळी काढायला लावते आणि कोनावर पंजा ठेवून बसते. पहिल्या दिवशी मी ओरडणार होतो, ताजी कड आहे, दाबू नकोस. मग पाहिलं तर तिचा हात तुझ्या आवाजाबरोबर हलत होता. मी गिऱ्हाइकाचं निमित्त करून बाहेर ओट्यावर गेलो.

त्या कॅसेटमध्ये तू प्रश्न विचारून थांबला आहेस, आठवतं? तेव्हा आम्ही किती हसलो होतो, माय टेपला खरंच उत्तरं द्यायची म्हणून. अजून देते. तू विचारतोस म्हैस व्याली का, ती सांगते, पारडी झाली. ती म्हैस विकून जमाना झाला. तू विचारतोस आबांचा पाय कसा आहे, ती सांगते, बरा आहे, आता शेतात जातात. आबा जाऊन यंदा सात वर्षं होतील, तेव्हाही तू येऊ शकला नाहीस. मग तू विचारतोस, "माय, तू कशी शे?" आधी ती चटकन म्हणायची, "बरी शे रे भाऊ, बठ्ठं बरं शे." आता तिथे ती गप्प बसते. तू थोडा थांबतोस आणि पुढचा प्रश्न विचारतोस.

भिकनने मला तुझं खरं काय ते सांगितलं आहे. पहिल्या मालकाचा मार खाऊन तू पळालास, पासपोर्ट त्याच्याकडेच राहिला, आता नाव बदलून कुठल्याशा गॅरेजमध्ये राहतोस आणि पोलीस दिसला की गल्ली बदलतोस. आम्ही इतकी वर्षं तुला शिव्या घातल्या, पोराने पाठ फिरवली म्हणून. आतून फार वाईट वाटलं. तू सांगायला हवं होतंस. सांगूनही मी धुळ्यात बसून काय करणार होतो, तेही खरंच. तू पोलिसांपुढे गेलास तर ते विमानात बसवून पाठवतील तेव्हा पाठवतील, पण त्याआधी तुरुंग, आणि इतका वेळ इथे नाही. मायला मी हे सांगितलेलं नाही. पण ज्या दिवशी तिने डबे उघड म्हटलं, त्या दिवशीच तिने तुझी वाट बघणं सोडलं. तुझ्याशिवाय ते वाजवायचे नव्हते ना तिला.

म्हणून हे लिहितो आहे. ये असं लिहीत नाही. तुझ्याने होणार नाही ते मागून तुला आणखी कशाला जाळू? भिकनच्या ओळखीचा एक माणूस पंधरा दिवसांनी तिकडून मुंबईला येतो आहे, त्याच्याजवळ एक नवी कॅसेट भरून दे. ती जुनी घासून घासून आता कुठे कुठे पुसली गेली आहे. हळू आणि जाड आवाजात बोल, म्हणजे कोन नीट हलेल. तिला काहीही विचार, गल्लीतल्यांचं विचार, वहिनीच्या तक्रारी विचार, त्या तिला तोंडपाठ आहेत. कशी आहेस एवढं मात्र विचारू नकोस, आणि येतो म्हणू नकोस. आणि प्रश्नांच्या मधल्या जागा मोठ्या ठेव, गिरधर. तिला आता बोलायला वेळ लागतो.

तुझाच,
कौतिकभाऊ