पाव किलो मुंगीची अंडी

३ मे

चि. छबीस,
अ. आ. वि. वि.

पार्सल काल सुखरूप पोचलं. पाव किलो मुंगीची अंडी, पांढरीशुभ्र, त्यात काडी नाही की मातीचा कण नाही. बाबांच्या पश्चात असा माल निवडणारी तूच.

इकडची बातमी वाईट आहे. पक्षिघरातल्या म्हाताऱ्या जोडीतली मादी गेली. मागे तीन पिल्लं आहेत, अंगावर पीस नाही, नुसत्या चोची. नर थकलाय, त्याची पुन्हा जोडी जमायची नाही. म्हणजे ही जात आमच्याकडे या तिघांवरच राहिली. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, मुंगीची अंडी मिळाली तर जगतील, नाहीतर आशा सोडा. दर अर्ध्या तासाला चिमट्याने भरवतोय. तुझ्याच जिवावर उड्या चालल्यात.

डबा थंड ठेव, असं तू चिठ्ठीत लिहिलंस. अगं शहाणे, अंडं कुणी थंडीत ठेवतं का? कोंबडीलाही एवढं कळतं! गार खाऊन पिल्लांना बाधायचं. डबा मी पिल्लांच्या पेटीतच ठेवलाय, दिव्याच्या उबेला. हवेसाठी झाकणाला भोकंही पाडलीत.

पायाचं प्लास्टर कधी काढणार ते कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी ऊठ आणि डबा पेटीतून बाहेर काढ. पुढचं मग वाच.

काढलास? दादा, ती अंडी नाहीत रे! सगळा बाजार अंडी म्हणतो, बाबा म्हणायचे, मीही पावतीवर तेच लिहिते, नाहीतर गिऱ्हाईक डबा हातात घेणार नाही. मुंगीचं खरं अंडं मिठाच्या कणाएवढं, ते कोण वेचणार? तुझ्या डब्यात आहेत ते कोष. आत पाय, मिशा, जबड्यासकट मुंगी तयार होऊन निजली आहे. गारव्यात ती निजून राहते. उबेत चार दिवसांत उठते. आणि कितीही निवडलं तरी डब्यात दहा-वीस मोठ्या मुंग्या जातातच. त्याच बाहेरून कोष फाडून बाकीच्यांना काढतात. या तांबड्या मुंग्या मला हातमोज्यातून चावतात, तुझी पिल्लं तर उघडी आहेत.

तुमचा फोन लावून लावून बोट दुखलं, कुणी उचलत नाही. पाय मोडला नसता तर पत्राआधी मीच पोचले असते.

मुंग्या निघाल्याच असतील तर औषध मारू नकोस, पिल्लं आधी जातील. बाबांची चादर आठव. पत्र जलद टपालाने टाकतेय. दोन ओळी लगेच लिही, म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेल.

तुझी छबी


७ मे

ती. दादास, सा. न.

पोस्टमन दोनदा दारावरून गेला, तुझं काही नाही. एक कबूल करते. चिठ्ठीत नुसतं थंड ठेव लिहिलं, का ते मुद्दाम नाही लिहिलं. मागे कोष म्हटलं तेव्हा बाबांपेक्षा शहाणी झालीस का, म्हणून तू चारचौघांत हसला होतास. त्याचा राग मनात होता. माझ्या रागापायी ती पिल्लं गेली तर मी स्वतःला माफ करणार नाही. काय असेल ते खरं लिही.

छबी


८ मे

चि. छबीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पहिलं पत्र काल हातात पडलं, दुसरं आज. मुंग्या परवाच निघाल्या.

भर दुपारी पेटी उघडली तर झाकणाच्या भोकांतून रांग लागलेली आणि पिल्लं नुसती किंचाळत होती. त्यांच्या पापण्यांना मुंग्या लोंबकळत होत्या. फवारा हातात घेतला होता गं. तेवढ्यात बाबा आठवले. पिल्लं टोपीत घेतली, चिमट्याने एकेक मुंगी काढली. घरटं, डबा, सगळं अंगणात पांढऱ्या चादरीवर उन्हात ओतलं आणि चादरीचे चारी कोपरे दुमडून सावली केली.

लहानपणी बाबा चादरीवर अंडी निवडायचे तेव्हा आपण पाहिलेलं, तसंच झालं. पळायला सगळं अंगण मोकळं होतं, पण एक मुंगी पळाली नाही. प्रत्येकीने एकेक कोष तोंडात धरला आणि सावलीला नेऊन ठेवला. पुन्हा उन्हात आली, दुसरा उचलला. घटकाभरात घरटं मोकळं झालं.

सगळ्यांत धाकटं पिल्लू संध्याकाळी गेलं. ते माझ्या हट्टापायी गेलं, तुझ्या रागापायी नाही. दोघं आहेत. एकाचा डोळा सुजलाय, पण चोच उघडतं.

दोघंही भुकेली होती आणि दुसरं खाणं नव्हतं. म्हणून दुमडीतले कोष मुंग्यांच्या तोंडून काढून घेतले आणि पिल्लांना भरवले. छबे, तीस वर्षं हे काम करतोय, चिमट्यात काय धरलंय ते कधी निरखून पाहिलं नव्हतं. परवा पाहिलं.

आणखी पाव किलो पाठव. यावेळी थंड ठेवीन, शपथ. डब्यावर मात्र अंडीच लिही.

दादा