हिराची सावड

२० डिसेंबर
कांद्याची लागण उरकली. मुकादमाच्या बाया होत्या आणि हिरा होती. मी बोलावलं नव्हतं. मोशीहून बसनं फाट्यापर्यंत, तिथून चालत आली. "लागण काढली आन् मला सांगितलं न्हाईस व्हय गं सुमे?" म्हणत साडी खोचून वाफ्यात उतरली पण. लग्न होऊन दोघी निघोज्यात आलो तेव्हापासूनची आमची सावड. आज ती आमच्यात, उद्या मी तिच्यात.

संध्याकाळी बायांना रोज वाटला. सगळ्या बांधावर रांगेनं उभ्या. हिरा शेवटी, हात पदराला पुसत. तिच्याही हातावर नोटा ठेवल्या.

 तिनं त्या बांधावर ठेवल्या, वर ढेकूळ ठेवलं उडू नयेत म्हणून. "येवढी वर्सं मी तुझ्याकडं रोजानं येत व्हते व्हय?"

चहासुद्धा न घेता गेली.

२१ डिसेंबर
हे म्हणतात, "अक्कल गहाण टाकली व्हतीस का?"

मी पण बोलले मग. तिचं रान दिवाळीत गेलं. पोरानं विकलं, मोशीत फ्लॅट घेतला. तिथं आता गोदाम उभं राहतंय. मग मी सावड फेडायची कुठं? गोदामात? फुकट राबवून घ्यायचं का म्हातारीला?

हे उठून बाहेर गेले. जिंकले मी. कसलं जिंकले...

खरं लिहायचं तर देताना मला बरं वाटलं होतं. आमचं रान आहे अजून, तिचं नाही. तेवढ्यापुरती मालकीण झाले मी. हिराची मालकीण! लाज वाटते लिहायला पण.

२८ डिसेंबर
हिरा फोन उचलत नाही. रविवार म्हणून सचिन आला होता पिंपळे सौदागरहून. त्याला सांगितलं तर म्हणे, "आई, एवढं काय त्यात? फोनवरनं पाठव ना पैसे. हातात द्यायला नको."

शिकलेलं पोर माझं. कपाळ.

१४ जानेवारी
संक्रांत. वाण द्यायला निघालो की आधी एकमेकींकडं, मग गावात, असं आमचं ठरलेलं. यंदा देवळात एकटीच. सगळ्या विचारतात, "हिरा न्हाई आली?" म्हटलं गुडघे दुखतात तिचे. गोड बोलायच्या दिवशी धडधडीत खोटं. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

१६ फेब्रुवारी
मोशीला गेले. मुद्दाम कामाची साडी नेसून. ठरवलं होतं, तिच्यात दिवसभर राबायचं, सावड फेडायची. वाळवणं असतील, गहू निवडायचे असतील, काहीतरी असेलच की. लिफ्टमध्ये एक बाई वरपासून खालपर्यंत बघत होती.

म्हटलं, "हिरे, काम सांग. आज तुझ्यात आलेय."

"काम?" म्हणाली. "धुणं मशिन धुतंय. भांड्याला बाई हाय. कुरडया सून दुकानातनं आणती. मलाच काम न्हाई, तुला कुठलं देऊ?"

मग चहा दिला, कपबशीतून. सून बिस्किटं घेऊन आली, चांगली पोर आहे. मी कप विसळायला उठले तर हिरा म्हणाली, "बस. पाव्हण्यांनी कामं करायची नसत्यात."

पाव्हणी झाले. चुकले गं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं आणि गिळलं. सून लिफ्टपर्यंत आली. म्हणे, "मावशी, येत जा ना. आई दिवसभर गॅलरीत बसून असतात."

८ मार्च
कांदा पोसलाय छान. काढणीआधी पाणी तोडायला हवं लवकरच.

सचिनचं नवीन. रान ट्रेलरच्या पार्किंगला द्या भाड्यानं, बसून खा. हे तावातावानं बोलतील वाटलं, पण "बघू" म्हणाले. ह्यांची कंबर पण गेली या वर्षात. म्हणजे पुढच्या साली मीही गॅलरीत. बरोबर आहे, मालकिणीची मस्ती उतरायलाच पाहिजे.

२ एप्रिल
माना पडल्या कांद्याच्या, काढणीला आला. मुकादमाला निरोप दिला.

५ एप्रिल
काय लिहू.

टेम्पो आला. बाया उतरल्या आणि त्यांच्यात हिरा. डोक्याला रुमाल, हातात विळा. मुकादम कौतुकानं सांगतोय, "काकू, ही नवीन हाय. वय झालंय, पण हात लई चालतो बरं का!" मला सांगतोय!

हे धावले. "हिराबाई, तुमी टेम्पोत कशा?"

"मुकादमानं आणलं, मालक."

मालक. इतकी वर्षं दाजी म्हणायची ह्यांना. हे तसेच आत जाऊन बसले.

मी पाणी घेऊन गेले. ती शेजारच्या बाईच्या बाटलीतून प्यायली. मी ज्या वाफ्यात बसले तिथून उठून पलीकडच्यात गेली. दुपारी बायांबरोबर भाकरी खाल्ली, हसत होती त्यांच्यात. बऱ्याच दिवसांनी तिचं हसू ऐकलं, आणि मी दारामागं उभी राहून रडले. म्हातारपणी हे धंदे.

संध्याकाळी रोज वाटायचा धीर नव्हता. सगळे मुकादमाकडं दिले, म्हटलं तूच वाट. हिरानं घेतले, कमरेला खोचले, टेम्पोत चढली. हे म्हणाले, "तुला तोंड दिलंय ना देवानं? मंग बोलत का न्हाईस?"

६ एप्रिल
आजही आली. कापणी संपली, कांदा साठवणीच्या चाळीत गेला. अक्षरानं बोलली नाही. बोलणार तरी कुठल्या तोंडानं, मीच नाही बोलले.

टेम्पो निघताना मुकादमाला विचारलं, उद्या कुठं? म्हणाला मोईला, कुणाचे तरी दोन एकर आहेत.

म्हटलं, "अजून एक बाई चालेल का?"

"कोण हाय?"

"मी."

हसायला लागला. "काकू, चेष्टा करता राव!" हिरा टेम्पोत बसली होती, ऐकलं तिनं. मान वर केली नाही. पण विळा पुसत होती तो हात थांबला.

हे म्हणतात, गाव काय म्हणंल, घरचं रान असून बायको रोजानं जाती. म्हणू दे. ती ज्या रानात राबते तिथंच मला राबायचंय, तिचं स्वतःचं तर नाही राहिलं. मिळेल तो रोज घेईन, तिच्याच रांगेत उभी राहून. लाज वाटेल? वाटू दे. तिला वाटली होती त्यापेक्षा कमीच.

टेम्पो फाट्यावर सकाळी थांबतो, उजाडायला. भाकरी दोघींना पुरतील एवढ्या करणार आहे. ती सरकून जागा देईल का नाही, माहीत नाही.