वन्संनी आणलेलं नवं शेपूट

मंगळवार, ४ मार्च

ऑकलंडहून बोटीनं वन्संचं पिंप आलं. आतून निघालं ते — कॉर्न्ड बीफचे डबे चोवीस, साखर, अंगाचे साबण, बुटांचा एक जोड (दोन्ही डाव्या पायाचे!) आणि आमच्या मंडळाच्या बायकांसाठी एकसारखे टी-शर्ट. जकात एकशे दहा पांगा. बंदरावरून घरी आणायचे पंचवीस. फुकटची भेट एकशे पस्तीसला पडली. देवाचे आभार मानले. बीफ चांगलं आहे.

टी-शर्टांच्या पाठीवर मंडळाचा इंटरनेटचा पत्ता छापलाय. नाव आमचंच, लोतोलेलेई. पण टिंबाच्या पुढचं शेपूट भलतंच! आमचं शेपूट टीओ. टोंगाचं म्हणून टीओ, सरळ हिशेब. इथे लिहिलंय — फेथ.

छापायच्या आधी विचारायचं असतं, हे वन्संना कोण सांगणार?

गुरुवार, ६ मार्च

वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण टोकिलुपे, आल्या. बरोबर मोसेसे. तिकडे एका कंपनीत हेच इंटरनेटचे पत्ते विकतो म्हणे. आईच्या मागे मागे, हातात लॅपटॉप.

वन्सं आत आल्या आणि हे उठून बाहेर पायरीवर गेले. रीतच आहे. मोठी बहीण बसली त्या खोलीत भाऊ बसत नाही, तिच्या शब्दापुढे तोंड उघडत नाही. मग निरोप्याचं काम माझं.

वन्सं : "फोलाउला सांग, मंडळाचा पत्ता जुनाट झालाय."

मी पायरीवर गेले. हे म्हणाले, "तिला सांग, बरं."

वन्सं : "त्याला सांग, मोसेसेनं सगळं करून दिलंय."

हे म्हणाले, "तिला सांग, फार बरं."

मंडळ आम्हा बायकांचं. झाडाची साल ठोकतो आम्ही, खळीनं चिकटवतो आम्ही, रंगवतो आम्ही. आणि ह्या सालीच्या कापडाचा, न्गातूचा, पत्ता ठरवतात एक बाई जिनं वीस वर्षांत मोगरी हातात धरली नाही, आणि एक बाप्या जो 'बरं' म्हणतो!

शुक्रवार, ७ मार्च

मोसेसेनं मंडळाच्या बायकांना चर्चच्या हॉलमध्ये बसवून समजावलं. आता म्हणे शेपटांची शेकड्यांनी पैदास झालीय. दुकान, भेटवस्तू, लग्न. पिझ्झा आहे, निंजासुद्धा आहे!

आमच्यातल्या थोरल्या मेलेआनेनं विचारलं, "आणि कॉम? ते सगळ्यांना पाठ असतं."

"आजी, त्या नावाचं कॉम अमेरिकेत कुणीतरी धरून बसलंय. वापरत नाही. चार हजार डॉलर दिले तर सोडेल."

"म्हणजे खुर्चीवर रुमाल टाकून गेलाय," मेलेआने म्हणाली.

मी विचारलं, "टीओत खोट काय?"

"खोट नाही, मामी. पण लहान देश, लहान शेपूट. फेथ म्हटलं की माणसाला कळतं, चर्चच्या बायका आहेत. शिवाय पहिलं वर्ष अगदी स्वस्त."

"आणि दुसरं?"

मोसेसे लॅपटॉपकडे बघायला लागला. दुसऱ्या वर्षापासून एकशे चाळीस पांगा! म्हणजे विश्वास भाड्यानं घ्यायचा, आणि भाडं थकलं तर विश्वास दुसऱ्याला. पाद्रीबाबांना हे विचारायला हवं. नको, ते वन्संच्या शेजारीच बसतात.

मी म्हटलं, मग दोन्ही ठेवू. अमेरिकेत युटाला गेलेल्या आपल्या म्हाताऱ्यांनी आपला पत्ता भजनाच्या पुस्तकात लिहून ठेवलाय. घरात मयत झाली की त्या शोधत बसत नाहीत, पुस्तक उघडतात आणि लिहितात. शवपेटीखाली अंथरायला न्गातू वेळेवर पोचला नाही तर साऱ्या घराण्याची मान खाली. जुन्यावर लिहिलं आणि तिथे कुणीच नसलं तर?

मोसेसे म्हणाला, "मामी बरोबर बोलतायत. दोन्ही ठेवता येतात."

वन्संनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "दोन दारं असली की पाहुणा गोंधळतो. जुनं सोडून दे."

मी म्हटलं, "ऐकलं, वन्सं."

रविवार, ९ मार्च

आज लिहायचं नाही. लिहिलं नाही.

सोमवार, १० मार्च

काल वन्संनी चर्चमध्ये उभं राहून नव्या शेपटासाठी प्रार्थना सांगितली. बँड वाजला. 'आमेन' मीही म्हटलं, पण हळू.

शनिवार, २२ मार्च

वन्सं मागच्याच आठवड्यात परतल्या. जुन्या पत्त्याची मुदत उद्या संपते. उद्या रविवार! त्या यंत्राला रविवार कळत नाही. आम्हाला कळतो — पैशाला हात नाही, दुकान नाही, सौदा नाही. सोमवारपर्यंत थांबावं, तर पत्ता गेला. कुणी परक्यानं उचलला तर? आमच्या नावानं चिनी छापील कापड विकेल. आणि म्हाताऱ्या बिचाऱ्या घेतील.

ह्यांना म्हटलं, "काय करू?"

हे म्हणाले, "टोकिलुपे बोललीय ना."

"म्हणून तर विचारते."

हे टॅरोचे कंद सोलत बसले. मग म्हणाले, "मी आज दुपारभर मळ्यात आहे. तू कुठे गेलीस ते मला दिसणार नाही."

तीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं!

दुकानं बंद व्हायच्या आत गावात जाऊन वर्षाचे पैसे भरून आले. अंड्यांच्या पैशातून, मंडळाच्या नव्हे. वहीत 'कोंबड्यांचं खाद्य' लिहिलं होतं, ते खोडलं आणि 'टीओ' लिहिलं. देवासमोर वही उघडीच असते. वन्संना मी 'ऐकलं' म्हटलं होतं. ऐकलं होतंच की. 'करते' कुठे म्हटलं?

शुक्रवार, ४ एप्रिल

नव्या पत्त्यावर आलेली पत्रं — एक. साखर कमी करायच्या गोळ्या विकणाऱ्याचं.

जुन्यावर — पाच. सिडनीहून लग्न, ऑकलंडहून दोन मयती, युटाहून एक मयत आणि एक एकविसावा वाढदिवस.

गुरुवार, १५ मे

वन्संचा फोन. "बघितलंस? विश्वासानं किती गिऱ्हाईक आणलं!" मोसेसेनं त्याच्या कंपनीच्या पानावर आमचा फोटो टाकलाय म्हणे. टी-शर्ट घातलेल्या बायका. खाली लिहिलंय, नव्या शेपटानं धंदा वाढला. कुणी सांगितलं त्याला? मी तर आलेल्या मागण्या त्याला नुसत्या पाठवत होते. कुठल्या दारानं आल्या हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिकडच्या ज्यांना नव्या पत्त्यावरून उत्तर पाठवलं, त्यातल्या निम्म्यांना पोचलंच नाही. थेट कचऱ्याच्या टोपलीत! मोसेसेला विचारलं तर चाचरत म्हणाला, "मामी, स्वस्त शेपटांवर लबाड लोक फार असतात. म्हणून यंत्रं संशय घेतात." वा! म्हणजे आमच्या विश्वासाच्या आळीत सगळे शेजारी चोर. आणि काही ठिकाणी अर्जात आमचा पत्ता लिहिला, की अर्जच म्हणतो, असा पत्ता नसतो.

जुन्यावरून पाठवलं. सगळ्यांना पोचलं.

सोमवार, १६ जून

साल ठोकताना मेलेआने म्हणाली, "सेलू, हल्ली शनिवारी तू कुणाची पत्रं बघतेस गं?"

"मंडळाची."

"कुठल्या शेपटाची?"

मी मोगरी जोरात आपटली. ती हसली. "आपट, आपट. मी काय तुझ्या वन्संना सांगतेय? त्यांनी मला दिलेला टी-शर्ट मी डुकराच्या खुराड्यावर वाळत घातलाय. पत्ता दिसतो. डुकराला अजून एकही मागणी आली नाही."

हसून हसून खळ सांडली.

गुरुवार, ३ जुलै

देवासमोर बसले होते. मनात आलं, बाईच्या पाठीमागे तिच्यावर हसतो, हे बरं नव्हे. मग मनात आलं, बाईसमोर हसायची सोय आहे का? उठले. लूसाठी अळूची पानं चुलीवर होती.

शनिवार, २ ऑगस्ट

वन्सं यंदा चर्चच्या वार्षिक देणगीला येणार नाहीत. तब्येत बरी नाही म्हणे, पाय सुजतात. ह्यांना सांगितलं. हे पायरीवरच बसले होते, वन्सं घरात नसताना. "तिला सांग," म्हणाले, आणि पुढे काही सांगितलंच नाही.

मेलेआने म्हणते, देणगी चुकवायला सुजलेला पाय बरा असतो. मी हसले.

शनिवार, १६ ऑगस्ट

जुन्या पत्त्यावर एकच पत्र. जसंच्या तसं उतरवते.

"सेलुवाइआ, नव्या पत्त्यावर लिहिलं नाही. हे पोचायला हवं. तू जुनं सोडलं नसशील, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तू 'ऐकलं' म्हणालीस, 'करते' म्हणाली नाहीस. मोसेसेची नोकरी जायला आली होती. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून मी घरचं मंडळ दिलं. दुसरं काय होतं माझ्याकडे? एक मोठा न्गातू हवाय. तुमच्या हातचा, कोकाच्या सालीच्या गडद तपकिरी रंगाचा. लग्नासाठी नव्हे. डॉक्टर म्हणतात, नाताळ फार लांब आहे. फोलाउला सांगू नकोस, बहिणीचं असलं भावाला सांगत नाहीत. वेळेत होईल का, एवढं उलट टपाली कळव."