कानबाईसाठी राखलेली चरबी

१० जून २०२५, मंगळवार
गेल्या श्रावणात घरची कानबाई देवी डोक्यावर घेऊन विसर्जनाला तापीकडे निघाले आणि वेशीतच गुडघा वाकला. धाकटी जाऊ मोहिनी टपूनच होती. सगळ्या भाऊबंदकीसमोर म्हणाली, “ताई, द्या मन्हाकडे. तुमना गुडघा शे का जुना दरवाजा?” बायका हसल्या. कानबाई तिच्या डोक्यावर गेली.
यंदा मीच नेणार. ती मागे चालेल, नारळांची पिशवी धरून.

१४ जून
सुरतच्या डॉक्टरांना गुडघा दाखवला. पोटाची चरबी नळीने ओढायची, तिच्यातल्या स्टेम सेल काढून गुडघ्यात सोडायच्या, असा एक उपाय निघालाय म्हणे. गुण येईलच असं अजून पक्कं नाही, वजन मात्र आधी कमी करा, असंही म्हणाले. डॉक्टरांना तसं बोलावंच लागतं.
मी विचारलं, ओढता कशी? जाड नळी, बारीक नळी, हाताची सिरिंज, मशीन, असे प्रकार असतात म्हणाले. फार जोर लावला किंवा जास्त उष्णता झाली तर पेशींना इजा होऊ शकते. मला लगेच कळलं. रवीने हलक्या हाताने घुसळलं की लोण्याचा गोळा येतो, मिक्सर गरम होईस्तोवर फिरवला की सगळं विरघळतं. डॉक्टरांना सांगून आले, माझी हातानेच काढा.

१६ जून
वजन कमी करणं रद्द. जितकी साय, तितकं लोणी. चरबीच नसेल तर डॉक्टर काढणार काय? आजपासून भाकरीवर तूप दुप्पट.

२६ जून
मोहिनी नवापूरला जाऊन राहिल्यापासून पोल्ट्रीच्या पैशाने शेफारलीय. फोन आला, ती पोटाची लायपोसक्शन करतेय. मोठ्या मशीनने, झटपट. चरबीचं काय करणार, विचारलं. म्हणाली, “फेकी देतस, ताई. लोणचं घालू का?”
फेक बाई. स्टेम सेलबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हातारपणी गुडघे धरून बसली की मी समोर उकिडवी बसून दाखवीन. देवा, एवढं बघायला ठेव.

६ जुलै, आषाढी एकादशी
निर्जळी करणार होते. पण साठा मध्येच तोडणं बरं नव्हे. साबुदाणा, शेंगदाण्याचे लाडू, रताळ्याचा शिरा. उपासाचं असल्याने मन हलकं आहे.

१९ जुलै
जिना चढताना गुडघा कटकट वाजला. हे म्हणाले, “तू फुगी ऱ्हायनी.” यांना शास्त्रातलं काही कळत नाही. रात्री यांना तुपाशिवाय वाढलं.

२९ जुलै, नागपंचमी
परवा सुरत. रविवारी कानबाई बसणार, सोमवारी विसर्जन. पेशींना कामाला लागायला चार दिवस आहेत. विरजण एका रात्रीत लागतं.

३१ जुलै
डॉक्टर वजनकाट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, चरबी लागते ती वाटीभर. ती तुमच्याकडे जूनमध्येही होती.” वाढलेल्या वजनाने गुडघ्याची झीज वाढलीय. आधी वजन उतरवा, मग बोलू. यंदा डोक्यावर काही घ्यायचं नाही.
वाटीभर. हे आधी सांगायला काय झालं होतं? परतीच्या वाटेवर यांनी खिडकीबाहेर तोंड करून घेतलं. खांदे हलत होते.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. वजन उद्यापासून उतरवायचं. कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचा नसतो, उरवायचा नसतो. कोणीतरी खायलाच हवा.

४ ऑगस्ट, सोमवार
कानबाई मोहिनीच्या डोक्यावर गेली. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, नारळांच्या पिशवीजवळ. अनवाणी व्हायला ती ट्रॉलीपाशी आली आणि माझ्या मांडीवर चपला ठेवल्या. “ताई, धरा बरं. सुरतन्या शेतस.”
मिरवणूक पुढे गेल्यावर एक घालून पाहिली. अर्ध्यातच अडकली.