चाळीस बाटल्यांचा सारखा वाटा

मु. तलावटोली, ता. सावली, जि. चंद्रपूर
दि. १२ डिसेंबर २००४

आदरणीय भाऊजी गुणवंतराव यांना,

तुमच्या साळ्याचा, म्हणजे मुखरूचा, वाकून रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण या वेळी तेवढंच एक वाक्य लिहिता येत नाही. आमच्या मच्छीमार संस्थेच्या चाळीस सभासदांपैकी कोणीतरी एक जण नक्की आजारी आहे आणि तो कोण हे कोणालाच माहीत नाही, त्यालासुद्धा नाही. ते पुढे सांगतो. आधी तुमची प्रकृती कशी आहे ते कळवा. गोकुळाची कंबर आता कशी आहे? (तिला सांगा, माहेरून धाडलेलं तेल लावायसाठी असतं, कपाटात ठेवायसाठी नसतं.) आमचं धान घरात आलं, तलावाला पाणी बरं आहे. चहा मात्र पोळ्यापासून पानचट लागतो. डोमाच्या दुकानातली साखर आता पहिल्यासारखी राहिली नाही. मी त्याला दोनदा तोंडावर सांगितलं, तर म्हणतो की बाकी गावात कोणाचीच तक्रार नाही. दुकानदार आपली बाजू घेणारच.

तर तुम्ही नागपूरला ज्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत कामाला आहात, तिथल्या मंजुषा मॅडम दसरा झाल्यावर आमच्याकडे आल्या. (आमच्या गावाचं नाव त्यांना तुम्हीच सुचवलं होतं. मी दोष देत नाही, फक्त आठवण करून देतो.) त्या आधीच डॉक्टर आहेत, तरी आणखी मोठं डॉक्टर व्हायला आरोग्य विद्यापीठाला एक जाडजूड प्रबंध लिहून द्यावा लागतो म्हणे. त्यांचा विषय असा, की रोज पाण्यात पोहणाऱ्या आणि मासोळी खाणाऱ्या लोकांना साखरेची बिमारी होते की नाही. त्यांनी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून सगळ्यांची वजनं केली, कमरेची मापं घेतली (दसरू बुढ्यानं टेप पाहून पळ काढला, जिवंत माणसाचं माप कशाला घेता म्हणे), आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हाती नावाची चिठ्ठी लावलेली एकेक बाटली दिली. सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी, या रेघेपर्यंत. कमी भरली तर नाव कटेल, असं बजावलं.

आता भाऊजी, तुम्ही शहरात राहता, म्हणून आमच्या संस्थेचा नियम पुन्हा सांगतो. जाळं ओढलं की कोणाच्या हाती मरळ आली आणि कोणाच्या हाती चिखल, हे आम्ही पाहत नाही. सगळी मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एका जागी ओततो, चाळीस ढीग करतो, एक जण ढिगांकडे पाठ करून नावं पुकारतो, आणि ज्याच्या नावावर जो ढीग आला तो मुकाट्यानं घेऊन जातो. आजोबांच्या काळापासून एकही सभासद रिकाम्या हातानं घरी गेला नाही. त्या सकाळी पाळीवर चाळीस बाटल्या जमल्या, तेव्हा दसरू बुढ्याची रेघेच्या बोटभर खाली, सीताबाईची जेमतेम अर्धी, आणि लच्छूनं बाटली भरून वर लोटाभर वेगळी आणलेली. सीताबाई रडायला लागल्या की माझं नाव कटते. मग सभेनं तिथल्या तिथं ठराव केला आणि सगळ्यांचं मत्स्यबीज मोजायच्या बादलीत एकत्र केलं. नीट ढवळलं, आणि वाटीनं मापून चाळीस बाटल्या बरोबर रेघेपर्यंत भरल्या. एक थेंब इकडे की तिकडे नाही. (नावं आधीच चिकटवलेली होती, त्यामुळे पाठ करून पुकारायची संधी मिळाली नाही, याची मला आजही रुखरुख आहे.)

विरोध फक्त एकीनं केला, ती म्हणजे आमची चंदा. पदर खोचून पाळीवर उभी राहिली आणि म्हणाली, "ज्याचं त्याले देऊ द्या ना! यात वाटा काऊन घालून राह्यले तुमी?" मी अध्यक्ष या नात्यानं तिला खाली बसवलं. बायकोनं भर सभेत अध्यक्षाला बोलणं शोभत नाही, असंही म्हणालो. ती बसली, पण माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला वाटलं, भाजी आणायची राहिली असेल. मॅडम मात्र बाटल्या पाहून हरखून गेल्या. इतकं शिस्तीचं गाव मी पाहिलं नाही म्हणाल्या. मी मान खाली घालून कौतुक स्वीकारलं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. चाळीसपैकी चाळीस जणांच्या लघवीत साखर! तीही कमी-जास्त नाही, सगळ्यांना अगदी सारखी, चिमूटभर. घरोघरी चहा बिनसाखरेचा झाला, कारल्याचे वेल कोणाच्या कुंपणावर आहेत याची चौकशी सुरू झाली, आणि डोमा माझ्याशी बोलेना. तेव्हा चंदाच मला म्हणाली, "एका कपात साखर टाकली न् चाळीस कपाईत ओतली, तं सगळाच चहा जरासा गोड लागन का नाई?" हे मला आधी समजलं नाही, मग समजलं, आणि समजल्यापासून जास्तच समजेनासं झालं. म्हणजे साखर एकाचीच! पण कोणाची? मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत हिंडलो. जाडा कोण, वाळलेला कोण, दमतो कोण. दर वेळी माझं बोट दुसऱ्याच माणसावर जायचं, आणि तो माणूसही माझ्याकडे तसाच पाहताना दिसायचा.

मॅडमनी निरोप धाडला की चाळीसही जणांनी सावलीच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. हंगाम धान कापणीचा. चाळीस माणसं एका दिवशी कशी जाणार? पुन्हा सभा झाली. संस्थेचं कोणतंही सरकारी काम आम्ही एक प्रतिनिधी धाडून करतो, तसाच याही कामाला एक प्रतिनिधी धाडायचं ठरलं. लच्छू तगडा आहे, सुईला भीत नाही, म्हणून लच्छू गेला. त्याचं रक्त एकदम स्वच्छ निघालं. गावानं हुश्श केलं. त्याच दिवशी शिरा झाला, त्यात साखर जरा जास्तच पडली, आणि डोमा पुन्हा बोलायला लागला. मॅडमनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो, संस्थेचं रक्त स्वच्छ निघालं. यात खोटं काय आहे ते तुम्हीच सांगा.

पण घोळ इथूनच वाढला. लघवीत साखर आणि रक्तात नाही, तीही आख्ख्या गावाच्या! मॅडमच्या सरांना वाटतं की आम्हा लोकांच्या मूत्रपिंडातच काहीतरी पिढीजात वेगळेपण आहे. परवा शुक्रवारी मॅडम पुन्हा आल्या, कोणाचा आजा कोण, कोणाची मावशी कोणाकडे दिली याचे कागदभर नकाशे काढले, आणि प्रबंधात तलावटोलीवर एक वेगळं प्रकरणच लिहिलं आहे म्हणून सांगितलं. येत्या २८ तारखेला विद्यापीठाच्या मोठमोठ्या डॉक्टरांपुढे त्या ते वाचणार आहेत. जाताना चंदाला मिठी मारली. "काका, तुमच्या गावानं माझं नशीब काढलं," असं मला म्हणाल्या. भाऊजी, मला बादलीची आठवण झाली. पोरगी लाख गुणाची आहे. तिची वर्षभराची मेहनत आम्ही ढवळून ठेवली.

म्हणून हात जोडून विनंती, की २८ च्या आधी तुम्ही त्यांना खरं काय ते सांगा. रागावतील, रागावू द्या. फक्त संस्थेचा आणि अध्यक्षाचा उल्लेख टाळता आला तर पाहा. बाकी गोकुळाला आशीर्वाद, लहानांना गोड पापा, आणि तुम्हाला पुन्हा एकदा रामराम.

तुमचा,
मुखरू

ता. क. वर मी सभेनं ठराव केला असं लिहिलं. सभा म्हणजे मीच. बाकीचे नुसते उभे होते. ढवळलंही मीच. मॅडमना सांगताना माझं नाव पहिलं सांगा. संस्थेचं सांगू नका.

दुसरा ता. क. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी एकटाच नागपूरला येतो. माझं रक्त तुमच्या खोलीत गुपचूप तपासून द्या. दिवाळीत मांगूर माशाचा काटा अंगठ्याला लागला तो अजून भरला नाही. घागरभर पाणी पितो तरी तोंड कोरडंच. सभेतून तीन-तीनदा उठून जावं लागतं, लोक समजतात अध्यक्ष रागावला. आणि बांधाच्या पलीकडे मी जिथं जातो, तिथं मुंग्यांची रांग लागलेली असते. चाळीस जणांवर बोट फिरवताना मी एकोणचाळीसच मोजत होतो. भाऊजी, मला भीती वाटते. चंदाला यातलं काही कळू देऊ नका.

तिसरा ता. क. डोमाच्या साखरेबद्दल वर जे लिहिलं ते खोडून टाका. आता पाकीट बंद करत होतो, तर चंदानं चहा आणून ठेवला. मी म्हटलं, साखर पानचट आहे. ती म्हणाली, "साखर हाये कुठी त्याच्यात? पोळ्यापासून तुमच्या कपात टाकतच नाई मी. मुंग्या का तुमालेच दिसते?" मी विचारलं, मग मले सांगतलं काऊन नाई? तर म्हणते, "सांगतलं असतं तं तुमी सभा बोलावली असती."

तेव्हा गुरुवारी दोघं येतो. गोकुळाला दोन माणसांचा भात जास्त टाकायला सांगा. बाटली मी घरूनच भरून आणतो. या वेळी ती माझ्या एकट्याची आहे.